सावलीबाईंनी बाराला काढलेला फोटो

चादरीला अर्धाच पीळ बसला होता. एक टोक नळाच्या तोटीला अडकवलेलं, दुसरं सावलीबाईंच्या दोन्ही मुठीत, आणि मधून पाणी मोरीत ठिबकत होतं. साबणाच्या वडीची पार चिपटी झाली होती. ती चादरीला लावायची की चादर तिला, असा प्रश्न पडावा. तेवढ्यात मोरीच्या दारात यजमान येऊन उभे राहिले.

सकाळी अकराला यजमान उभे दिसणं हे त्या घरात नवलच होतं. ते बेकरीत भट्टीवर रात्रपाळी करायचे, एकतीस वर्षं. म्हणून सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. सातला घरी यायचं, आंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि जाड काळ्या पडद्यांच्या खोलीत आडवं व्हायचं, ते थेट सूर्य मावळायला निघाला की उगवायचं. सासरची माणसं त्यांना घुबड म्हणत. सावलीबाई म्हणायच्या, घुबड निदान झाडावर बसलेलं तरी दिसतं, आमचं पांघरुणात असतं.

आज मात्र भट्टीवाले बेकरीतून परत आलेच नव्हते. आले ते आत्ता, पिठाने माखलेल्या भुवया घेऊन.

"कॅमेरा घे," ते म्हणाले. "भट्टी विझवली, कायमची. सगळे मागच्या अंगणात थांबलेत. चिमणीसकट फोटो हवा म्हणतात."

"चारला येते."

"चारला कोण असणार? साडेबाराला मालक फाटकाला कुलूप लावणार. वस्तादांची दोनची गाडी आहे, लेकीकडे चाललेत. उद्या सात जण सात दिशांना."

सावलीबाईंनी पीळ सोडला नाही. आता त्या का सोडत नव्हत्या, हे सांगायला हवं.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा फोटो स्टुडिओ. दारावर त्यांच्याच हातची पाटी होती: अकरा ते तीन फोटो काढणार नाही. देवाचाही नाही. या शेवटच्या शब्दांवरून शेजारच्या काकूंनी आठवडाभर अबोला धरला होता. सावलीबाई रोज दिवा लावणाऱ्या बाई. त्यांचं म्हणणं एवढंच, की देवाला माझी अडचण कळते, गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून पाटीवर लिहावं लागतं. गिऱ्हाईक कोणीही असो, आधी त्याला व्हरांड्यात ओढायचं. "जरा सावलीत या" हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत इतक्यांदा म्हटलं, की त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

एकदाच त्यांनी नियम मोडला होता. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आग्रह धरला, की निरोपाचा फोटो मधल्या सुट्टीत पटांगणातच हवा. ऊन डोक्यावर. नाकाची सावली सरळ खाली वरच्या ओठावर पडली आणि फोटोत मुख्याध्यापिकाबाईंना झुबकेदार मिशी आली. तो फोटो अजून शाळेच्या कार्यालयात आहे आणि नव्या मुलांना ते त्यांचे भाऊ वाटतात.

पण नियमाचं मूळ त्याच्याही आधीचं. सावलीबाईंना फोटो काढायला शिकवलं त्यांच्या मामाने, आणि त्यांच्या लग्नाचा फोटोही काढला मामानेच. भर दुपारी, उघड्यावर, जेवणाची घाई असताना. त्या फोटोत नवरदेव म्हणून जे उभं आहे, त्याला एक नाक आहे आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. सावलीबाईंनी त्या खड्ड्यांशी एकतीस वर्षं संसार केला. दुसरा फोटो काढायचा म्हटलं, तर उजेड चांगला असेल तेव्हा नवरा झोपलेला, आणि नवरा जागा असेल तेव्हा उजेड गेलेला. गल्लीतल्या प्रत्येकाचा चेहरा त्यांनी कागदावर आणला होता, दोघा उमेदवारांचा आणि एका भामट्याचासुद्धा. भट्टीवाल्यांचा म्हणाल तर बेकरीचं ओळखपत्र तेवढं होतं, आणि त्यावरून त्यांना ओळखायला दोन साक्षीदार लागले असते.

"तू सगळ्यांचे काढलेस," भट्टीवाले म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. पिठाच्या भुवया वर करून नुसतं सांगितलं. "मी त्या भट्टीपाशी उभा होतो, हे कुठे तरी असावं."

सावलीबाईंनी तोटीवरून चादर काढली. ओली तर ओली. उन्हात फोटो काढायचा तर माणसांच्या डोक्यावर छप्पर हवं, म्हणून ती तशीच पिशवीत कोंबली, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि निघाल्या.

बेकरीच्या मागच्या अंगणात सावली नावाची वस्तूच नव्हती. पत्र्याची शेड कालच उतरवून नेलेली. चिमणीची सावलीही तिच्या पायाशी अंग चोरून बसलेली. सहा पुरुष पांढऱ्या बनियनमध्ये रांगेने उभे होते आणि दिवसाचं ऊन कसलं असतं हे माहीत नसल्यासारखे डोळे बारीक करून बघत होते. भट्टीवाले जाऊन मिळाले आणि सात झाले. मधोमध वस्ताद, म्हणजे सगळ्यांत म्हातारा कारागीर. त्यांच्या दोन्ही बाजूंना कणीक मळणारे दोघे. ते एकमेकांचे मेव्हणे असल्याने सहसा बोलत नसत.

पहिल्यांदा चादर वर धरून पाहिली. चार कोपरे धरायला चार माणसं लागली. खाली सावलीत उरले तिघे, आणि त्यांच्या टकलांवर पाणी ठिबकू लागलं. सावलीबाईंनी कॅमेऱ्यातून बघितलं. सात जण मिळून चादर वाळत घालताहेत, असाच फोटो आला असता.

मग त्यांनी रांग थोडी फिरवली, ऊन पाठीवर घेतलं. खांदे झकास उजळले आणि चेहरे काळे पडले. डोळ्यांच्या जागी तेच ते खड्डे, आता सात जणांचे, म्हणजे चौदा. सावलीबाईंना मामाची आठवण झाली आणि त्यांनी त्याला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. मामा वारलेला, म्हणून मनातल्या मनात.

एका मेव्हण्याने पाव भाजायचा चकचकीत पत्रा आणला आणि त्याने ऊन तोंडावर फेकून बघितलं. ते नेमकं वस्तादांच्या डोळ्यात गेलं. वस्ताद जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. मेव्हणा पत्रा घेऊन मुकाट्याने पिठाच्या खोलीकडे गेला.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मालक फाटकाशी किल्ली खुळखुळवत होते. सावलीबाई त्या मेव्हण्याकडे रागाने बघत होत्या, आणि बघता बघता राग विसरल्या. तो पिठाच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी उन्हातच उभा होता. खाली जमीन वर्षानुवर्षं मुरलेल्या, ब्रशलाही न निघणाऱ्या पिठाने पांढरीफटक. आणि त्या पांढऱ्यावरून उजेड वर उसळून त्याच्या तोंडावर असा मऊ पडला होता, की त्याचे डोळे दिसत होते. घारे होते. इतक्या वर्षांत दुसऱ्या मेव्हण्यालाही ते माहीत नव्हतं.

"हललास तर बघ," त्या म्हणाल्या, आणि मग लक्षात आलं की याला हलवायचं नाही, ती जमीन इकडे आणायची आहे.

चादर सात जणांच्या पायापुढे अंथरली. धुतलेली, निम्मी पिळलेली चादर अंगणातल्या राखेवर पसरताना त्यांचा जीव कळवळला, पण पसरली. तिघाचौघांचे चेहरे उजळले. भट्टीवाले रांगेच्या टोकाला होते, तिथवर चादर पोचेना. ते खड्ड्यातच राहिले.

आता उरलं होतं पीठ, आणि पीठ म्हटलं की वस्ताद. सांडलेल्या पिठावर पाय पडता कामा नये, हा त्यांचा कायदा होता. चिमूटभर सांडलं तरी हातातलं काम टाकून आधी ते ब्रशने उचलायचं. भट्टीवाले कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांचा पाय पडला होता, तर वस्तादांनी त्यांना सबंध पाळी बाहेर बसवून ठेवलं होतं. आणि आता त्यांच्यासमोर अंगणात पीठ ओता म्हणायचं.

सावलीबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "वस्ताद, पांढरं कमी पडतंय. पीठ हवंय. पायाखाली नको, पायापुढे."

मेव्हण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"किड्यांचं पोतं आहे का अजून?" वस्तादांनी विचारलं.

"खळवाल्यासाठी ठेवलंय, ते आहे," भट्टीवाले म्हणाले.

वस्ताद स्वतः गेले. पोतं स्वतः ओढत आणलं, तोंड सोडलं आणि चादरीच्या पुढे, थेट भट्टीवाल्यांच्या टोकापर्यंत ओतलं. मग भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं मागून घेतलं आणि पीठ एकसारखं पसरलं. किडे वैतागून चहूकडे पळाले. वस्ताद रांगेत परत उभे राहिले आणि म्हणाले, "याच्यावर ज्याचा पाय पडेल, त्याने माझ्याशी गाठ आहे समजावं."

सातही चेहरे उजळले. खड्डे भरले. पण आता नवंच झेंगट. खालून वरून उजेड, आणि ही रात्रीची माणसं. सात जण डोळे घट्ट आवळून उभे. लिंबू चावल्यासारखे.

याला उपाय सावलीबाईंना माहीत होता, लहान मुलांवर हजारदा केलेला. "सगळ्यांनी डोळे मिटा. मी एक, दोन, तीन म्हणेन. तीनला उघडा."

सगळ्यांनी मिटले. सावलीबाईंनी अंतर बघितलं, चिमणीचं टोक आत घेतलं, टाच जराशी मागे सरकवली. यात असा कितीसा वेळ गेला असेल? त्यांनी एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. एकानेही डोळे उघडले नाहीत. रात्रभर भट्टीवर जागलेली माणसं, ऊबदार ऊन, वर डोळे मिटायची परवानगी. सात जण उभ्या उभ्या झोपले होते. धाकटा मेव्हणा घोरत होता, आणि ज्याच्याशी तो बोलत नसे त्याच्याच खांद्यावर त्याचं डोकं होतं.

बारा वाजून पंचवीस मिनिटं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाची भुवई हलली. फाटकापासून मालकांनी हाक मारली, तिला तर कोणीच मोजलं नाही. आणि मग सावलीबाईंना आठवलं, काळ्या पडद्यांच्या खोलीत एकतीस वर्षं झोपेत बरळलेलं एकच वाक्य. त्यांनी बोट बटणावर ठेवलं आणि पोटातून ओरडल्या,

"पाव करपला!"

चौदा डोळे एकदम टक्क उघडले. बटण दाबलं गेलं. पुढच्या क्षणी रांग गर्रकन मागे फिरली, भट्टीकडे, आणि बोट तिथेच असल्यामुळे बटण पुन्हा एकदा दाबलं गेलं.

विझलेली भट्टी बघून मंडळी भानावर आली. मग हशा झाला, मग शिव्या झाल्या, मग वस्तादांनी सगळ्यांना वाकायला लावून पीठ ब्रशने शेवटच्या कणापर्यंत पोत्यात भरायला लावलं, किडे सोडून. मालकांनी साडेबाराला कुलूप लावलं, खरं तर पाऊण वाजता.

फाटकाबाहेर सावलीबाईंनी कॅमेऱ्यावर पहिला फोटो दाखवला. चिमणी, सात माणसं, आणि सातही जण जन्मात कधी नव्हते इतके जागे. वस्ताद बराच वेळ बघत राहिले. "मी असा दिसतो?"

"असेच दिसता."

"मग इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?" म्हणाले आणि ट्रंक उचलून गाडी गाठायला निघाले.

दुसरा फोटो सावलीबाईंनी कोणाला दाखवला नाही. वाटेत फक्त यजमानांपुढे धरला. त्यात सहा पाठी होत्या, सहा मानगुटी होत्या, आणि टोकाला भट्टीवाले एकटेच सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते. खड्डे नव्हते. डोळे होते, त्यांत खालच्या पिठाचा एक एक पांढरा ठिपका.

"तुम्ही कसे नाही हो वळलात?"

"माझ्या पाळीत पाव करपत नाही," ते म्हणाले. थोडं चालून झाल्यावर पुढे म्हणाले, "आणि आवाज तुझा होता. तू ओरडतेस ते बहुतेक उगाचच असतं."

घरी आल्यावर ते सवयीने पडद्यांच्या खोलीत गेले आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागले. परवापासून त्यांना नव्या कारखान्यात दिवसपाळी होती, म्हणजे आता भर दुपारी जागं राहायला शिकायचं. सावलीबाईंनी मामाचा लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात ठेवला, पालथा. त्याची खिळ्याखालची जागा पांढरी दिसत होती, ती तशीच राहू दिली. दारावरची पाटी मात्र काढली नाही. एकदा जमलं म्हणून रोज ऊन डोक्यावर घ्यायला त्या काही भट्टीवाल्या नव्हत्या.

मोरीत पिशवीतून चादर काढली तर ओल्या कापडात पीठ शिरून तिची चक्क खळ झाली होती. उभी केली असती तर उभी राहिली असती. त्यांनी ती बादलीत दाबली, चिपटी शोधली, तर ती केव्हाच वाहून गेलेली. मग पायात चप्पल सरकवली आणि भिंतीच्या कडेकडेने, होती तेवढ्या सावलीतून, कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला निघाल्या.