पंचनाम्याचा फोटो

वाघाने मारलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, असा आमच्याकडे नियम. कुत्र्यांनी ओढून नेलं, तरी भरपाईची पंचाईत होते. म्हणून आमची गाय नाल्याकाठच्या धानाच्या बांधीत मेलेली सापडली, त्या सकाळी आई तिच्याजवळ ठाण मांडून बसली. गावातले चारजण आले, हळहळले आणि आपापल्या कामाला गेले. धान कापणीला आलेलं, कोण किती वेळ थांबणार?

जंगलखात्याच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की तो दुपारनंतर येईल. तोवर गाईचा मालकिणीसकट फोटो आणि सातबारा, आधारच्या प्रती तयार ठेवा. मोबाईलमधला फोटो चालत नाही, कागदावर पाहिजे. माझं डोकंच फिरलं. गाय इथे मरून पडलीय आणि यांना ती कागदावर पाहिजे. पण तोंड चालवून काही होणार नव्हतं. मी आईला गाईच्या शिंगावर हात ठेवायला लावला आणि फोटो काढला. ऊन मागच्या बांबूच्या बेटाकडून येत होतं, त्यामुळे सगळं काळपट आलं. म्हटलं, चालेल. आपल्याला काय तो भिंतीवर लावायचा आहे?

"एकटी नको बसू इथं," मी तिला म्हणाले.

"दिवसा कायले येते थो? रातीले येते खायाले. तू जाय, फोटू घेऊन ये."

गावात सगळे हेच सांगतात, म्हणून मीही ते मानलं. घरात फोन एकच. तो घेऊन मी स्कूटीने तालुक्याच्या गावी, कुरखेड्याला निघाले.

झेरॉक्सच्या दुकानात मी एकटीच गिऱ्हाईक होते. फोटो मी त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकला, तर दुकानदार मान हलवत म्हणाला, "असा नाई, ताई. असा टाकला तं मोठा केल्यावर फाटते. डॉक्युमेंट करून टाका." तसा टाकला. त्याने तो कॉम्प्युटरवर उघडला, डोळे बारीक केले. "गाय सारी काळी येऊन राह्यली. जखम दिसाले पाहिजे ना? उजेड वाढवतो."

त्याने जखमेपुरतं बघत उजेड वाढवला, फोटो प्रिंटला टाकला आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सकडे वळला. प्रिंटर थोडा थोडा कागद बाहेर सोडत होता. आधी बांबूची पानं आली, मग त्याखालचं गवत. गवतात एक पिवळट डाग होता. मला वाटलं, शाई पसरली. कागद आणखी सरकला आणि त्या डागाला पांढरे गाल आले, काळे पट्टे आले, दोन डोळे आले. डोळे सरळ माझ्याकडे बघत होते, म्हणजे फोटो काढणाऱ्या माझ्याकडे. त्याच्या खाली आईचं डोकं यायला लागलं. दोघांच्या मध्ये बैलगाडी वळेल एवढंच अंतर.

दुकानदाराने कागद उचलला आणि दाराकडे नेऊन उजेडात धरला. "ताई, ह्या बाई कोन?"

"माझी आई."

"घरी हायेत ना आता?"

"तिथंच बसलीय."

जंगलखात्याच्या माणसाचा फोन लागला नाही. शेजारच्या घरी लावला, तोही लागला नाही. आमच्या गावात रेंज असून नसल्यासारखी. दुकानदार म्हणाला, "तुमी निघा, मी फोन लावत राह्यतो." फोटोचा कागद घेतला आणि बाकीचे तिथेच टाकून मी निघाले.

तो रस्ता मी हजारदा केलाय, पण त्या दिवशी तो संपेना. मध्येच मला वाटलं, आपण पोचूच नये. पोचलो नाही तर काय झालं ते बघावं लागणार नाही. असला विचार मनात आला, याचीच मला वाघाइतकी भीती वाटली.

स्कूटी रस्त्यावर सोडून मी शेताच्या धुऱ्यावर आले. आई बसली होती. बांबूकडे पाठ, हातात पळसाची फांदी, गाईवरच्या माशा वारत होती. मागचं गवत स्थिर होतं. वाघ म्हटलं तर ती उठून पळेल, आणि पळणाऱ्यामागे तो येतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"आई, इकडं ये."

"काऊन?"

"चहा आणलाय."

"इथीच आन. गाय सोडून कशी येऊ?"

माझ्या आईला हट्टाने हलवणारा अजून जन्माला आलेला नाही. मग मी म्हटलं, "साहेब आले रस्त्यावर. तुझी सही मागतायत."

साहेब म्हटल्याबरोबर ती उठली. लुगडं झटकलं, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे चालत यायला लागली. मी तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या मागच्या गवताकडे बघत होते. जवळ येताच मी तिचं मनगट धरलं आणि रस्त्यापर्यंत सोडलं नाही.

"कुठी हाय साहेब?" ती भडकली. "खोटं बोलाले लागली का आता?"

मी तिला स्कूटीवर बसवलं आणि गावातल्या पहिल्या घराच्या ओट्यावर आल्यावर कागद तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, जवळ घेतला. आधी गाय पाहिली, मग स्वतःला. मग तिचं बोट वर सरकलं आणि थांबलं. ती हळूच ओट्यावर बसली.

"तू गेल्यावर मागं गवत वाजलं," ती म्हणाली. "म्या मागं पाह्यलंच नाई. मले वाटलं, तूच वापस आली. म्या म्हटलं, उभी काऊन राह्यली बाई, ये, बस माह्याजवळ."