तासाभराचं टोकन

आधीच शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. अगदी ज्योतिबाची शपथ! आता शब्द न् शब्द म्हणजे, एखादी गोष्ट मी मधे घातली असेल. शपथ घेताना पायात चप्पल होती, त्यामुळं ती अर्धीच धरावी.

किस्से आमच्या धंद्यात मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कपाटात जुन्या चार्जरच्या वायरी साठतात तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर गुंताच हातात येतो. आज ओढलेली वायर म्हशींच्या ॲपची आहे.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, उद्यमनगरात, मोटर रिवायंडिंगच्या दुकानावर. माणसं तीन. मालक अण्णा, आधी फौंड्री चालवायचे. प्रोग्रॅम लिहिणारी वंदना कांबळे. आणि मी, गावोगाव जाऊन लोकांना ॲप शिकवणारा. एका दूध संस्थेनं आम्हाला काम दिलं होतं. शेतकऱ्यानं आजारी जनावराचा फोटो मोबाईलवरून पाठवायचा, तो क्लाउडमध्ये जाऊन बसणार, संस्थेचे डॉक्टर तो बघून औषध सांगणार. तीन महिने चालवून बघायचं, मग संचालक मंडळ ठरवणार, ठेवायचं की काढायचं.

पहिल्याच दिवशी भांडण लागलं.

अण्णांचं म्हणणं, क्लाउड उघडायची किल्ली ॲपमध्येच घालून टाका. सगळ्यांना एकच. यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्या ऑफिसची किल्ली खालच्या रिवायंडिंगवाल्याच्या ड्रॉवरमध्ये असते, त्याच्या दुकानाची आमच्या खिळ्याला असते, आणि ही गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

वंदना म्हणाली, "अण्णा, कुणीही ॲप उकलून ती किल्ली काढेल. मग सगळ्यांना सगळ्यांचं दिसेल."

"दिसू दे की! म्हशी काय पडद्यात बसत्यात?"

"फोटोबरोबर विम्याचे कागद असतात. पासबुकं असतात."

तिचा बेत वेगळा होता. ज्यानं त्यानं आपल्या मेलच्या खात्यानं लॉगिन करायचं. मेलवाले सांगणार, हा माणूस तोच आहे. तेवढं पटलं की क्लाउड त्याला तासाभराचा पास देणार, आणि तोही फक्त त्याच्या स्वतःच्या फोल्डरचा. तास संपला की पास बाद. ॲपमध्ये किल्ली ठेवायचीच नाही, मग चोरणार काय?

"आणि लॉगिनच्या भानगडीनं काम गेलं तर?"

"तर मी नोकरी सोडते."

"लिहून दे!"

तिनं दिलं! कॅलेंडरचं पान फाडून, मागच्या कोऱ्या बाजूवर, सहीसकट. घरात कमावणारी ती एकटी, तरीही. अण्णांनी कागद वॉटर फिल्टरच्या वर टाचणीनं लावला. तेव्हापासून आमच्या ऑफिसात आधी वंदनाचा राजीनामा वाचायचा आणि मग पाणी प्यायचं.

*

ट्रायलसाठी मिळालेलं गाव गगनबावड्याच्या वाटेवरचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथला चहा बंद होईल.

पहिल्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर सगळे किटल्या घेऊन जमले. आता यांना तासाभराचा पास कसा समजवायचा? मी म्हटलं, "साखर कारखान्यावर उसाची गाडी नेल्यावर काय मिळतं?"

"टोकन!"

"बरोबर. टोकन दाखवायचं, आत जायचं, ऊस उतरायचा, बाहेर पडायचं. बाहेर पडलं की त्या टोकनाचा उपयोग संपला. घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं तरी पुढच्या खेपेला चालत नाही. तसंच हे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूष. तेवढ्यात म्हादबा नावाचे एक गृहस्थ म्हणाले, "पावणं, समजलं. पर टोकन मिळाल्यावर दोन दिस रांगेत थांबाय लागतंय, ते बी तसंच हाय का?"

"नाही हो! इथं रांग नाही."

"रांग न्हाय? मग टोकन कशापाय?"



*

पहिली तक्रार आली ती याच म्हादबांची. त्यांच्या म्हशीचा खूर सुजला होता. म्हैस गावात प्रसिद्ध, डाव्या शिंगाचं टोक मोडलेली. गावात रेंज अशी की पाण्याच्या टाकीवर चढलं तरच फोटो जातो. म्हादबा चढले. दहा फोटो काढले होते, एकेक पाठवायला लागले.

इकडं डॉक्टर पाटलांचा मला फोन. डॉक्टर संस्थेचे, त्यांचा पास वेगळा, त्यांना इलाजापुरती सगळ्यांची जनावरं दिसतात.

"अहो, म्हैस बघितली. शिंगं छान, कान छान, पाठ झकास, शेपटी दोन बाजूंनी. सुजलेला पाय कुठाय?"

पाय दहाव्या फोटोत होता! नऊ फोटो जाईतोवर तास संपला, पास संपला, दहावा दारातच अडला.

मी म्हादबांना फोन केला. "अहो, खुराचा फोटो आधी नाही का पाठवायचा?"

"असं एकदम पाय दाखवायचा? आधी वळख-पाळख नको व्हय?"

वंदनानं दोन दिवस बसून ॲपला शिकवलं, की पास संपत आला की आपला आपण नवा मागून घ्यायचा. अण्णा त्या दोन दिवसांत सारखे पाणी प्यायला उठत होते. तहान एवढी नव्हती.

*

दोन महिने होऊन गेले आणि डॉक्टरांचा पुन्हा फोन. आवाज जरा चढलेला.

"तुमच्या ॲपमध्ये एकाच शेतकऱ्याच्या एक्केचाळीस म्हशी आहेत. एवढा मोठा गोठा माझ्या भागात, आणि मला पत्ता नाही? नाव दिगंबर. मी निघालोय!"

डॉक्टर औषधांची पेटी घेऊन गेले. पत्त्यावर निघालं मोबाईलचं दुकान. बोकड बांधायला जागा नाही एवढं.

"म्हशी कुठायत?"

दिगंबर काउंटरमागून म्हणाला, "सायेब, कव्हर हाय, ग्लास हाय, चार्जर हाय. म्हशी आपण ठेवत न्हाय."

भानगड अशी, की गावातला प्रत्येक मोबाईल दिगंबरच्या दुकानातून जातो. नवा फोन घेतला की मेलचं खातं लागतं. ते दिगंबर घालून देतो. आणि त्यानं चार वर्षं सगळ्या गावाला एकच खातं घालून दिलं होतं. स्वतःचं! मेलवाले इमानदारीत सांगत होते, हा दिगंबर आहे. क्लाउड इमानदारीत दिगंबरच्या फोल्डरचा पास देत होता. अख्खा गाव एकाच गोठ्यात!

मेल सांभाळणं लोकांना जमत नाही, असं त्याचं म्हणणं. "पासवर्ड इसरत्यात आन् मला शिव्या देत्यात. म्हणून एकच ठेवला. ह्यो बगा." पासवर्ड शटरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहिला होता. पुसू नये म्हणून.

अण्णांनी फिल्टरवरचा कागद काढला आणि वंदनाच्या टेबलावर ठेवला. "तारीख तेवढी घाल."

"तीन महिने व्हायला एकवीस दिवस आहेत, अण्णा," एवढंच म्हणून तिनं बॅग उचलली आणि एसटी धरली.

*

वंदना रोज सकाळी डेअरीवर खुर्ची टाकून बसली. शेजारच्या स्टुलावर दिगंबर. त्याला तिनं शिक्षा म्हणून बसवला होता, पण तो चारचौघांत पाहुण्यासारखा बसायचा. किटली मापाला दिली की माणसानं पुढं यायचं, स्वतःचं खातं काढायचं, पासवर्ड स्वतः ठरवायचा, आपलं जनावर नोंदवायचं आणि मगच घरी जायचं.

म्हादबांच्या घरून त्यांची बायको हौसाक्का आली. फोन तिच्याच नावावर, धारही तीच काढते.

वंदना म्हणाली, "आक्का, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही."

"सासूला?"

"नाही."

"नवऱ्याला बी न्हाय?"

"नवऱ्याला पण नाही."

हौसाक्कानं फोन पदराखाली घेतला आणि मागच्या बायकांना ओरडून सांगितलं, "ए, या गं सगळ्याजणी! लई चांगलं ॲप हाय!"

त्या दिवसापासून रांग वाढली. अठराव्या दिवशी दिगंबरच्या खात्यावर म्हशी शून्य!

*

त्याच आठवड्यात म्हादबा एसटीनं थेट आमच्या ऑफिसात. घामाघूम.

"माझ्या म्हशीचं मलाच बघू देईना तुमचं ॲप!"

मी म्हटलं, "म्हैस आक्कांच्या खात्यावर आहे. त्यांचं त्यांनाच दिसणार."

"म्हैस माझी! बाजारातनं मी आणली! दाव्याला धरून चालत आणली!"

"मग आक्कांना विचारा की, त्या दाखवतील."

म्हादबा खुर्चीवर बसले. टोपी काढली. "इचारलं तर. म्हणती, तासाभरानं या."

अण्णांनी स्वतः उठून त्यांना पाणी दिलं. म्हादबांनी ग्लास घेता घेता वंदनाच्या टेबलावरचा तो कागद वाचला आणि वंदनाकडं बघून म्हणाले, "पोरी, तुजं बी असंच हाय व्हय?"

*

मग आला संचालक मंडळाचा दिवस. या संस्थेचा नियम साधा आहे: घरी दुभतं जनावर पाहिजे, डेअरीला दूध घातलं पाहिजे, तरच सभासद. आणि सभासद असेल तरच संचालक. चेअरमन तात्या त्याच गावचे, पंधरा वर्षं खुर्चीवर.

भिंतीवर मोठा पडदा. वंदना उभी. अण्णा माझ्या शेजारी, तो कागद घडी घालून खिशात.

तात्या म्हणाले, "हं, दाखवा सगळ्या गावाची जनावरं."

"तात्या, ती दिसणार नाहीत. ज्याची त्यालाच दिसतात."

"मी चेअरमन हाय!"

"हो तात्या."

"मग?"

"ॲपला ते माहीत नाही."

अण्णांनी टेबलाखाली माझा पाय जोरात दाबला. मी तर काही बोललोही नव्हतो!

तात्या लालबुंद. "असलं ॲप काय करायचं? जे चेअरमनला दिसत न्हाय ते कुणाच्या कामाचं?" दोन-चार संचालक मान हलवायला लागले. अण्णांचा हात खिशाकडं गेला. वंदनाचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. तरी ती म्हणाली, "तात्या, तुमचं तुम्हाला दिसेल. करून बघा की लॉगिन."

"व्हय, बघतोच!" तात्यांनी आपला फोन पडद्याला जोडायला लावला, स्वतःच्या खात्यानं लॉगिन केलं, आणि पडद्यावर हाताएवढ्या अक्षरांत आलं:

'आपल्या नावावर एकही जनावर नाही.'



विरोधी गटाचे एक संचालक मागच्या रांगेत बसले होते. आवाज अगदी मऊ. "तात्या, मग पंधरा वर्सं दूध कुणाचं घालतायसा?"

तात्या मुरलेले. चष्मा पुसला. "नोंदवायचं ऱ्हायलंय. आठ दिसांत नोंदवतो."

"म्हंजे ॲप ऱ्हाणार म्हणायचं!"

विरोधी गटाचे सगळे हात एकदम वर गेले. मग हळूहळू तात्यांच्या गटाचे. नको म्हणायची सोय कुणालाच उरली नव्हती. सगळ्यात शेवटी तात्यांचा हात. कोपरापर्यंतच, पण गेला!

बाहेर आल्यावर अण्णांनी खिशातला कागद काढला, त्यावर भडंग ओतला आणि वंदनापुढं धरला. "घे. कांदा जास्त घालाय लावलाय."

तिनं भडंग संपवला आणि कागद मात्र पर्समध्ये ठेवला.

*

आठव्या दिवशी तात्यांनी म्हैस नोंदवली. फोटोसकट.

आम्हाला तो फोटो दिसत नाही. वंदनाच्या हट्टामुळं आम्हाला कुणाचंच काही दिसत नाही. पण त्या दुपारी डॉक्टर पाटील स्वतः चहाला आले. चहा पिऊन झाला, दुसरा मागवला, तोही झाला, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "तात्यांची म्हैस तपासली आज. फोटोवरून."

"बरी आहे?"

"बरी आहे. डावं शिंग टोकाला मोडलंय."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मग तुम्ही शेरा काय लिहिलात?"

डॉक्टरांनी पेटी उचलली. "जे दिसलं ते. 'जनावर उत्तम. दोन्ही घरी.'"

आता ती कबुली. मी एक गोष्ट मधे घातली आहे म्हटलं होतं, ती शिंगाची. म्हशीची दोन्ही शिंगं साबूत आहेत, कधी मोडली नव्हती. डॉक्टरांनी म्हैस शिंगावरून ओळखलीच नाही. तात्यांनी पाठवलेल्या फोटोत दावं हातात धरून हौसाक्का उभी होती.