अंगठ्याची कंदुरी

आमच्या मालकाचं नाव म्हाळू. पन गावात त्यान्ला कसे हाव म्हनून कुनी इचारीत न्हाई. "अंगठा कसा हाय?" म्हनून इचारत्यात. पारावर तेच, एसटीत तेच. ग्रामसभेत पान्याचा विषय चालू आसताना मधीच कुनीतरी उठून तेच. मानसापरीस अंगठा मोठा झाला, आता बोला!

झालतं आसं. ह्यान्ला मटनाचं लई याड. आमच्याकडं नवस फिटला की पीराला बोकड देत्यात आन् दर्ग्याच्या लिंबाखाली सगळ्या गावाला जेवू घालत्यात, त्याला कंदुरी म्हनायचं. कंदुरी कुनाचीबी आसू द्या, हे पंगतीच्या तोंडाला. मग एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा टमाट्यावानी लाल. चादरीचं टोक लागलं तरी ह्यांची बोंब. तसेच लंगडत दर्ग्यात गेले आन् बोलून बसले, "बाबा, अंगठा बरा कर. कंदुरी करतो."

मी कपाळाला हात लावला आन् ह्यान्ला केजला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हनला, प्रोटीन मटनातबी हाय आन् मटकीतबी, आंगात मांस दोन्हीनं भरतं. पन मटनासंगं, त्यातबी कलेजी-गुर्द्यासंगं, यूरिक ॲसिड वाढवनारं लई काही येतं. त्याचे बारीक सुयांसारखे खडे सांध्यात जाऊन बसत्यात. डाळी-उसळीतबी थोडं आसतं, पन ते एवढं बाधत न्हाई.

मालक म्हनले, "डॉक्टरसाब, बोकड काय खातंय? बाभळीचा पाला. म्हंजी मीबी पालाच खातो की!"

"मग मधल्या बोकडाला काऊन तरास देता?" डॉक्टर म्हनला. "तुमीच पाला खावा."

डॉक्टरनं गोळ्या दिल्या आन् मी मटकी, हरभरा, तुरीचं वरन सुरू केलं. पोटात गॅस धरला, दिवसभर घरात बाजा वाजायचा. पन अंगठा उतरला. ताकदबी गेली न्हाई, ज्वारीचं पोतं पैल्यासारखंच उचलायचे. आन् अंगठा बरा झाला म्हनल्यावर नवस आला की फेडायला! कंदुरीला पैली कलेजी नवस बोलनाऱ्याच्या ताटात. मी डोळे वटारले तर म्हनत्यात कसे, "अगं, परसादात कुठं प्रोटीन आसतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी अंगठा परत टम्म. हे परत दर्ग्यात, परत तोच नवस.

आता गं बया! मटनानं झालेलं दुखनं बरं व्हावं म्हनून मटनाचा नवस. आसा मानूस तुमी कुठं बघितला का? परत मटकी, परत बरं, परत बोकड, परत बोंब. मपल्या दावनीची बोकडं एकेक करून ह्यांच्या अंगठ्यापायी गेली.

आन् गाव लई हुशार. अंगठा बरा झाला की जेवन, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग काय, सरपंचाच्या घरून मोड आलेली मटकी, वरच्या आळीतून हरभऱ्याची उसळ. कुनाच्या घरी मटन शिजलं आन् हे तिकडं वळले, की पोरं आडवी यायची, "काका, पथ्य!" बाळंतिनीची न्हाई केली एवढी काळजी ह्या गावानं.

शेवटी दावनीला ऱ्हायला एकच बोकड, लाल्या. त्याची आई त्याला जनम देतानाच गेली. बाटलीनं दूध पाजून, मांडीवर निजवून वाढवलाय मी त्याला. हीरीवर जावं तर मागं येतो, बसावं तर पदरावर बसतो. आन् हिकडं हे बाजंवर पाय धरून, नवा नवस डोक्यावर घेऊन. मी मटकीची वाटी दिली की ह्यांचा अंगठा उतरायचा आन् लाल्याचं मरन जवळ यायचं. न द्यावी तर मानूस वरडतोय. एक दिवस मी वाटी म्होरं आदळली.

"खावा! बरे व्हा! नवरा बरा होतोय आन् मला रडू येतंय, आशी गत केलीय तुमी मपली."

ह्यांनी वाटी जवळ वढली. लाल्याकडं बघत बघत मटकी खाल्ली.

अंगठा उतरला. सकाळी हे सरळ चालत हौदावर गेले, तोंड धुतलं आन् लाल्याचं दावं सोडलं. तेवढ्यात रस्त्यावरनं आवाज आला, "म्हाळूबा, अंगठा कसा हाय?"

हे दारात गेले आन् उंबरा वलांडताच लंगडायला लागले. "कसला कसा? जीव चाललाय बे!"

मानूस तोंड पाडून गेला. हे आत आले, सरळ चालत. लाल्याला पाल्याजवळ नेऊन बांधलं. "नवस बरं झाल्यावर फेडायचा आसतोय. मी बराच झालो न्हाई."

"आवो, पीराला दिसतंय की!"

"पीराला दिसू दे. गावाला दिसाया नको."

मला हसू आलं, रडूबी आलं. त्या दिवसापासून ह्यांनी मटनाला हात लावला न्हाई. घरात नीट चालत्यात, दाराभाईर लंगडत्यात.

परवा गुरुवारी आमी दोघं दर्ग्यात फुलं घेऊन गेलतो. गर्दी लई. तिथले मुजावर चाँदभाई, दर कंदुरीला बोकडाची मुंडी त्यान्लाच मिळती. ते ह्यांच्या पायाकडं टक लावून बघायला लागले. त्यांनी मोरपिसं ह्यांच्या डोक्यावरून फिरवली, वाकले आन् कानात हळूच म्हनले,

"म्हाळूभाऊ, दुखरा अंगठा उजवा हाय. तुमी डाव्यानं लंगडायलाव."