हात धुताना सापडणारे साहेब

मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थी कक्षात सव्वीस वर्षं काढलेल्या या काकूंचं काम ऐकायला सोपं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीचं एक पत्र तयार करायचं. निवासी डॉक्टर म्हणून कुणाला घ्यायचं ते ठरवणारी इस्पितळं हे पत्र वाचतात. मार्क सगळ्यांचेच जवळजवळ सारखे. म्हणून निवड होते ती प्रत्येक विभागाच्या डॉक्टरांनी दिलेल्या शेऱ्यांवर. आणि शेरा मागितला की भल्याभल्या डॉक्टरांना अचानक पेशंट आठवतात.

त्वचाविभागाच्या प्रमुखांनी एकदा चाळीस फॉर्मांवर एका बैठकीत ‘मेहनती, नम्र’ लिहून दिलं. त्यातला एक मेहनती मुलगा दोन वर्षांपूर्वीच कॉलेज सोडून भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसला होता. तेव्हापासून काकूंनी फॉर्मवर ‘उदाहरण’ असा रकाना वाढवला. उदाहरण नसेल तर शेरा परत. सवय घरापर्यंत गेली. “जेवणात मीठ कमी म्हणायची सोय नाही,” त्यांचे यजमान सांगतात. “कुठल्या घासाला, ते सांगावं लागतं.”

सर्जन मंडळी केबिनमध्ये कधीच नसतात. काकूंनी त्यांची नेमकी जागा हेरली आहे : ऑपरेशन थिएटरबाहेरचं बेसिन. सर्जन कोपरापर्यंत हात धुतो तेव्हा त्याला फोन घेता येत नाही, फॉर्म ‘ठेवून जा’ म्हणून बाजूला सारता येत नाही आणि पळताही येत नाही. दारावरची सिस्टर काकूंना टोपी-मास्क चढवून आत सोडते. काकू विचारतात, सर्जन बोलतो, त्या लिहितात. सही ऑपरेशन झाल्यावर.

यंदा शेवटच्या दिवशी एका मुलीचं पत्र अडकलं. सर्जरीचा शेरा कोरा होता. तिला सर्जनच व्हायचं होतं, आणि संध्याकाळी पाचला अर्ज बंद होणार होते. कोरा रकाना म्हणजे दांडी उडालीच. दुपारी दोनला काकू बेसिनपाशी हजर झाल्या. विभागप्रमुखांनी नुकताच साबण लावला होता.

“बाई, आज नको.”

“उद्या चाललं असतं तर उद्याच आले असते, साहेब. ही मुलगी.”

साहेबांनी फॉर्मवरच्या फोटोकडे पाहिलं. “ही माझ्याकडे नव्हतीच.”

“दोन महिने होती.”

“मग मला आठवली असती.”

काकूंनी क्षणभर विचार केला. थिएटरमध्ये साहेबांनी या मुलीचे केस आणि हनुवटी पाहिली असणार कधी? त्यांनी एका बोटाने फोटोतले केस झाकले, दुसऱ्या हाताने नाकाखालचा चेहरा. उरले फक्त डोळे.

“अरे, ही होय!” साहेब म्हणाले. “लिहा. वरिष्ठांशी वाद घालते.”

काकूंचं पेन थांबलं. हे वाक्य असंच गेलं असतं तर मुलीचा निकाल तिथेच लागला असता. पण डॉक्टरांचा शब्द बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी लिहिलं आणि विचारलं, “उदाहरण?”

“उदाहरण कशाला? घालते म्हणजे घालते.”

“रकाना आहे, साहेब.”

साहेब नखं घासू लागले. “एका पेशंटला टाके घालायच्या वेळी म्हणाली, रक्त टिपायच्या गॉजचा एक तुकडा कमी भरतोय. मी म्हटलं, मोजता येत नाही तुला. ही म्हणते, पुन्हा मोजू. मी ओरडलो. तरी ही हलेना.”

“मग?”

साहेबांना नखांत फार मळ दिसू लागला. उत्तर सिस्टरने दिलं. “मग सापडला ना! पेशंटच्या पोटात, मागच्या बाजूला.”

काकूंनी ते जसंच्या तसं उतरवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं : “वरिष्ठांशी वाद घालते. उदाहरणार्थ, पेशंटच्या पोटात राहिलेला गॉज शोधायचा हट्ट विभागप्रमुख ओरडले तरी हिने सोडला नाही.”

सिस्टर भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

“पहिलं वाक्य खोडा,” साहेब म्हणाले.

“मी खोडत नाही. तुम्ही खोडा किंवा पुढे काही सांगा.”

पाणी वाहत राहिलं. साहेबांनी कोपराने नळ बंद केला. “पुढे लिहा. बरोबर असेल तेव्हाच घालते. आणि माझ्या विभागात आली तर मला हवी आहे.”

“सही?”

“ऑपरेशननंतर.”

“ऑपरेशन चार तासांचं आहे, साहेब. पाचला अर्ज बंद.”

साहेबांनी धुतलेल्या हातांकडे पाहिलं, मग पेनाकडे. सही केली आणि पुन्हा पहिल्यापासून साबण लावला. पेशंट दहा मिनिटं जास्त थांबला. त्याची तक्रार नव्हती, तो झोपलेला होता. पत्र चार वाजून चाळीस मिनिटांनी गेलं.

मुलीची निवड झाली, ती दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळात. मुलाखतीत तिला फक्त गॉजचं विचारलं, आणि परीक्षकांपैकी एकाने त्यात चूक काढली तेव्हा तिने त्यालाही दुरुस्त केलं. हे तिनेच फोनवर सांगितलं.

काकूंनी फोन ठेवला. “गेली पोरगी,” त्या शेजारच्या टेबलाला म्हणाल्या. “आता तिथल्या साहेबांचं काही खरं नाही.”