हिराकाकूची दोन मडकी

माझं सगळं बदललं ते काल, हिराकाकूच्या दहाव्याला.

पिंडाला कावळा शिवला. सगळे सुटल्यासारखे उठले.
आणि तिथेच, खाडीच्या काठावर, गावचे अध्यक्ष म्हणाले,

"काकूची मडकी काकूबरोबर पाण्यात सोडली. उद्याच्या सभेत पहिल्यासारखे हात वर करू. पटकन होईल."

सगळे आपापल्या चपला शोधायला लागले.

मीपण. जो मी रिक्षावाल्याशी, ट्रॅफिक हवालदाराशी, कोणाशीही भांडतो, सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडून आलेलो, तो मी खाली बघून चपला शोधत राहिलो.

खरं सांगतो, माझी फाटलेली.

काकूला न ओळखणाऱ्यांसाठी लिहितो.

कळव्याच्या खाडीला लागून आमचं कोळ्यांचं गाव. देशात बायका कधीच्या मत देतात. आमच्या गावच्या सभेत देत नव्हत्या. घराला एक हात, आणि तो पुरुषाचा. काकूचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. म्हणजे तिच्या घराला हातच नाही.

ती प्रत्येक सभेला देवळाच्या पायरीवर बसायची आणि हात वर करायची.
मोजणारा तिला सोडून पुढे मोजायचा.
ती हात खाली घ्यायची नाही. सतरंज्या गुंडाळल्या तरी नाही.

मग एकदा तिने बायकांना गोळा केलं. "आमचा हात मोजत नाय ना? मंग या हातान मासली पन इकनार नाय."

पुरुष हसले. टोपल्या घेऊन स्वतः कल्याणच्या मार्केटला गेले. भाव सांगायला लाजले. अर्धी मासळी वास मारत परत आली.
आई अजून सांगते, "तुजा बाप पापलेट घेऊन असा उबा, जशी पोरगी दाखवाला आनलीय."

थोड्याच दिवसांत बायकांचे हात मोजायला लागले.

पण त्या पहिल्या सभेनंतर काकू खूश नव्हती. प्रत्येक बाईने आधी नवऱ्याकडे बघितलेलं, मग हात वर केलेला.

म्हणून मडकी आली. डावं हो, उजवं नाही. देवळातल्या खोलीत, पडद्याआड. प्रत्येकाला एक सुपारी. तळाला तांदूळ, म्हणजे सुपारी पडल्याचा आवाज नको.

तरी पुरुषांनी शोधलंच. बाहेर बसून बांगड्या ऐकायचे. आवाज कुठून आला, डावीकडून की उजवीकडून. घरी गेल्यावर त्याचा जाब द्यावा लागायचा. आईलाही द्यावा लागला. मी लहान होतो, दाराआडून ऐकलेलं. तेव्हापासून आमच्या घरात कोणाचा आवाज चढला की मी बाहेर निघून जातो.

पुढच्या वेळी काकू स्वतः पडद्यापाशी उभी राहिली. प्रत्येकीच्या कानात एकच, "दोनी मडक्यांन हात घाल गो. सुपारी एकान सोर."

त्या दिवशी बाहेरच्यांना नुसत्या बांगड्याच ऐकू आल्या.

मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळे ओरडले. काकूने समोर सुके बोंबील निवडायला ओतले आणि म्हणाली, "डोकं तापलंय तं हात चालव."
माझ्या प्रेमाचं पहिलं तिलाच सांगितलं.
"अध्यक्षाची पोर? तुला दुसरी कोन गावली नाय?"
आणि मग पोट धरून हसत बसली.

हो. अध्यक्षांचीच मुलगी. गणपतीत त्यांनी मला घरी बोलावून चहा पाजला. "कामाला लाग, मग बघू." नाही म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले. त्या एका शब्दावर मी जगतोय.

आजच्या सभेत ठरणार आहे ते हे: खाडीकाठची मासळी वाळवायची जागा बिल्डरला पार्किंगला द्यायची का. अध्यक्षांना द्यायचीय. माझ्या बाबांना पण. ज्या बायका तिथे रोज उन्हात बसतात, त्यांना नवऱ्यांच्या शेजारी बसून हात वर करावा लागणार.

आज सकाळी अध्यक्षांची मुलगी ठाण्यात खोपटला भेटली, एसटी डेपोपाशी. माझ्या पिशवीत बघितलं. कल्याणच्या कुंभाराकडून आणलेली दोन कोरी मडकी.

"तू नेणार?"
"मग कोण नेणार?"
"बाबा सगळ्यांसमोर तुला काही बोलणार नाहीत. पण ते 'बघू' संपेल."
"मग नको नेऊ?"
"मला नको ना विचारूस. मी नको म्हटलं तर तू ऐकशील."

बस लागली. ती चढली. मागे बघितलं नाही.

आई आत्ताच सभेला गेली. त्याआधी तिने खाडीकाठी वाळत घातलेला सगळा जवळा घरी उचलून आणला. अर्धा ओला आहे अजून.
"अजून वाळला नाय ना," मी म्हटलं.
"उंद्या जागा ऱ्हाते का नाय, कोनाला ठाव," एवढंच बोलली. बाबा तिच्या पुढे चालत होते.

काकू, तू घाबरायचीस का गं? सगळी सभा हसत असताना हात वर धरून बसायचीस, तेव्हा?
कधी विचारलंच नाही. तुला भीती नसतेच असं धरून चाललेलो.
मला आहे. उभा राहिलो तर आवाज फुटेल की नाही माहीत नाही. बाबा तिथेच पहिल्या रांगेत असतील. अध्यक्ष, तिचे बाबा, समोर.

फोन घरीच ठेवतोय. तिचा मेसेज आला तर मी वाचणार, आणि वाचला तर जाणार नाही.

काकू, आमच्या घराचा, माझ्या आईचा, तुला शेवटचा नमस्कार. नीट जा.

देवळातली घंटा झाली.
मडकी उचलली. दार ओढून घेतोय.