नववं रीळ

खिडकीतून बघताना ते एक डोळा मिटत. बोलता बोलता दर दहा मिनिटांनी मान वळवून मागे बघत. शर्टाला बोटं पुसल्याशिवाय पुस्तकाला हात लावत नसत. सिनेमाचं नाव विसरत, पण तो किती रिळांचा होता ते बरोबर सांगत.

सगळे त्यांना ऑपरेटरकाका म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी एकाच थिएटरात सिनेमे दाखवले. थिएटर बंद पडल्यावर ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. एकटेच.

मी कादंबरीवरून केलेल्या एका सिनेमावर लेख लिहिला होता. तो सिनेमा लहानपणी त्यांच्याच थिएटरात पाहिलेला. मी त्याचे तीन अंक पाडले: दोन बहिणींचं भांडण, अबोल्याची वर्षं, भेट. कादंबरीत त्या भेटतच नाहीत. सिनेमात धाकटी एकदम थोरलीच्या दारात उभी राहते. मी लिहिलं, दुसरा अंक लंगडा आहे. ती का येते हे दिग्दर्शकालाच ठाऊक नाही.

लेख छापून आला. काका मासिक घेऊन वर आले.

"प्रोफेसरीणबाई, त्या बिचाऱ्याला कशाला झोडपलंत? कारण होतं की. नवव्या रिळात."

"मला नाही आठवत."

"कसं आठवेल? मी लावलंच नाही! सिनेमा लांबलचक, पुढच्या खेळाची रांग रस्त्यापर्यंत. मालक म्हणाले, एक रीळ गाळ. गाणं गाळलं असतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. यात नुसती धाकटी, एकटी, घरात. रडणं नाही, ओरडणं नाही. गाळलं."

मी पुष्कळ चौकशी केली. त्या सिनेमाची एकही प्रत उरली नव्हती. ते रीळ आता फक्त काकांच्या डोक्यात होतं.

"चहा टाक, सांगतो," ते म्हणाले.

मी त्यांना थांबवलं. "असं तोंडी नको, काका. लिहून द्या. तीन अंकांत. तुमच्या नावानं छापू." कोरी वही त्यांच्या हातात दिली.

"साधा अर्ज लिहायचा तर मला घाम फुटतो, पोरी."

"जमेल हो."

मग जिन्यात भेटले की सांगत, "पहिला झाला." पुढे, "तिसराही झाला. मधलं अवघड आहे गं. वर येऊन सांगू का?"

"लिहाच," मी म्हटलं. दोनदा म्हटलं.

बाराव्या दिवशी दुपारी ते खुर्चीतच गेले. वही त्यांच्या पुतण्यानं आणून दिली. पहिला अंक चार पानं. तिसरा तीन. मध्ये पानं सोडलेली. वर 'दुसरा अंक, रीळ नववे', आणि खाली एवढंच:

"धाकटी दोन कप धुते. पुसते. मग त्यातला एक"