बिशपचं पाणी

पद्माकरकाकांना आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावात कुणीही पद्माकर म्हणत नाही. कारखान्यात ते पॅडी, दुकानात पॅडी, आणि घरमालकीण नोरीन तर 'पॅडी, लव्ह' म्हणते. तेही अशा सुरात, की काका तिचे धाकटे भाऊ असावेत आणि अजून डबा घेऊन शाळेत जात असावेत. काका पन्नाशीचे आहेत, मूळचे चिंचवडचे. ते आणि माझे बाबा एका कॉलेजातले.

कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात काकांचं काम पाणी शुद्ध करण्याचं. हे ते दर गणपतीत कुणाला ना कुणाला सांगतात. सांगायची पद्धत ठरलेली आहे. आधी चष्मा वर. मग "बघ हं." मग समोरच्याचा मोदकाचा घास गिळून होईपर्यंत थांबायचं. मग, "आमच्या पाण्यात पाणी सोडून काही म्हणजे काही नसतं." समोरचा म्हणतो, "अरे वा, मग प्यायला मस्त." याचीच ते वाट बघत असतात. "प्यायचं नसतं ते." आणि दुसरा मोदक उचलतात.

काका एकटेच राहतात, गावाबाहेर, नोरीनच्या अंगणातल्या छोट्या घरात. समोर तिचं मोठं घर, बाजूला तबेला, तबेल्यात बिशप. बिशप हा घोडा. पांढुरका, म्हातारा, पोट सुटलेला. नाव असं का, तर नोरीनच्या मते, "तो आला की सगळ्यांनी उभं राहावं अशी त्याची अपेक्षा असते, आणि काम म्हणशील तर काडीचं नाही." नोरीन सत्तरीची आहे. नवरा गेल्यापासून ती दिवसातलं जेवढं बोलते, त्यातलं निम्मं बिशपशी बोलते.

या जानेवारीत थंडीने कहर केला. रस्त्यांवर काच पसरल्यासारखा बर्फ, शाळा बंद. आईची हॉस्पिटलात ड्यूटी, बाबा सँट्रीच्या ऑफिसात अडकलेले, म्हणून मला काकांकडे ठेवलं होतं. मी पोचले त्याच्या आदल्या दिवशी नोरीन स्वतःच्या पायरीवरून घसरली होती. मनगट मोडलं, प्लास्टर. बाहेरचा नळ गोठलेला, हौदातलं पाणी दगड झालेलं. बिशपला पाणी द्यायचं काम काकांवर आलं.

नोरीनने खिडकी फटीएवढी उघडून सूचना दिल्या. ती बोलते ते एका दमात, आणि शेवटचे शब्द श्वास आत ओढता ओढता.

"पॅडी, लव्ह, गार पाणी तो पिणार नाही, दात दुखतात त्याचे. कोमट दे. आणि लीद बघत जा. मागच्या थंडीत पाणी प्यायला नाही, चारा पोटात सुकून बसला, डॉक्टर म्हणाला या वयात परत असं झालं तर मी काही करू शकणार नाही. लीद पडली तर ग्रँड. नाही पडली तर मला सांग. लपवू नकोस हं."

"लपवणार नाही," काका म्हणाले.

पहिल्या दिवशी काकांनी स्वयंपाकघरातला नळ आणि चहाची किटली यांवर भागवलं. किटली भरायची, उकळायची, बादलीत ओतायची, गार पाणी मिसळायचं, मग पुन्हा किटली. बिशप प्यायला, पण थोडं. पुढचं पाणी येईपर्यंत आधीचं गार व्हायचं.

"ही पद्धत चुकीची आहे," काका म्हणाले. "बॅच मोठी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून मोठं पातेलं काढलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना त्यातच काका मिसळ करतात. पातेलं घासलं, दोन वेळा घासलं, गॅसवर चढवलं. पाणी तापलं, बादलीत गार पाण्यात मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं.

"बघ हं, ईशानी," म्हणाले. "आता बघ."

बिशपने बादलीत नाक नेलं. थांबला. वरचा ओठ पार उलटा करून सगळे पिवळे दात दाखवले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"गरम जास्त झालं असेल."

गार पाणी घातलं. तोंड भिंतीकडेच. बादली बदलली. भिंत. काकांनी मराठीत समजूत घातली, "पी रे राजा, पी." मग इंग्रजीत, नोरीनच्या सुरात, "कम ऑन, लव्ह." तिचा तो आत ओढलेला श्वास काकांना जमत नाही, उचकी लागल्यासारखं होतं. तो मी काढून दाखवला. बिशपने एक कान वळवला. पाणी नाही.

दुपार झाली तरी त्याने थेंब घेतला नव्हता. तबेल्यात नवी लीद नव्हती. काका गवत चाळून बघत होते. नोरीनच्या खिडकीत पडदा हलला.

"सांगायचं का?" मी विचारलं.

"सांगायचंच. पण आधी कारण कळू दे." ते पालथ्या बादलीवर बसले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. काल किटली, आज पातेलं. बाकी सगळं तेच. पण पातेलं तर मी घासलंय."

आम्ही आत आलो. काकांनी पातेल्यात डोकं घालून वास घेतला. "काही नाही." मी घेतला. मलाही काही नाही. आमच्या सगळ्यांच्या घरांत फोडणीचा वास पडद्यांना, कोटांना, वह्यांना असतो, त्यामुळे वास आहे हे आम्हाला कळतच नाही. शेवटी काकांनी वाटीत पाणी घेतलं, गार केलं आणि घोट घेतला. तोंडात घोळवला.

"कट," ते म्हणाले.

"काय?"

"मिसळीचा कट आहे, बाई. ॲल्युमिनियम. मुरलाय त्यात." वाटी खाली ठेवली. "सहा वर्षांचा हिंग प्यायला देतोय मी त्याला."

मी हसले. ते हसले नाहीत. "पाणी सोडून बाकी सगळं आहे यात," मी म्हणाले, चष्मा वर करून, त्यांच्याच आवाजात.

"नक्कल नंतर. किटलीने पुरणार नाही. इमर्शन लावावा लागेल."

इमर्शन म्हणजे घराच्या गरम पाण्याचा बंब. आयर्लंडमध्ये तो चालू राहिला तर विजेच्या बिलाच्या धास्तीने लोक अर्ध्या प्रवासातून घरी परततात. नोरीनचा नियम तर भाडेकरू आला त्याच दिवशी सांगितलेला, आंघोळीपुरता लावायचा आणि बंद. काका तिच्या खिडकीशी गेले.

"नोरीन, तो सकाळपासून प्यायला नाही. लीद नाही. चूक माझी आहे, माझ्या भांड्याला मसाल्याचा वास आहे."

नोरीनने भांड्याबद्दल काही विचारलं नाही. "पोटाकडे वळून बघतोय का? लोळतोय?"

"नाही. अजून नाही."

"मग वेळ आहे."

"इमर्शन लावू का? बराच वेळ चालू राहील."

नोरीनने तबेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन्ही घरांतले लाव. आणि बादली माझी ने, मागच्या दाराची काळी. तुझी नको."

काका मात्र अडले ते न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या नळाशी. "वरच्या टाकीतलं पाणी आहे हे. गंज, शेवाळं. आपण याने चूळसुद्धा भरत नाही."

"त्याला विचारू," मी म्हणाले.

काळ्या बादलीच्या तळाशी हिरवा थर होता. काका घासायला वाकले, थांबले, तशीच भरली. बिशपने नाक खाली नेलं. पाण्यावर फुंकर मारल्यासारखं केलं. मग ओठ टेकवले आणि प्यायला लागला. घोटागणिक त्याचे कान मागे-पुढे होत होते. बादली संपली तशी त्याने ती नाकाने काकांकडे ढकलली.

काकांनी बादली उचलली. "चल," म्हणाले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोन्ही घरांच्या न्हाणीघरांतून येरझाऱ्या घातल्या. नोरीन खिडकीतून नुसती बघत होती, प्लास्टरचा हात दुसऱ्या हातात धरून.

सकाळी काका माझ्या आधी उठले होते. मी बाहेर आले तेव्हा तबेल्याच्या कोपऱ्यात वाफाळता हिरवा ढीग होता, आणि काका त्याच्या समोर उभे राहून फोनने फोटो काढत होते. एक काढला. उजेड नीट पडला नाही म्हणून दुसरा.

नोरीनला बर्फावरून चालायची बंदी होती. काकांनी तिच्या काचेला फोन टेकवला. तिने चष्मा शोधला, लावला, वाकून पाहिलं. मग काचेवर बोट ठेवून खूण केली, मोठा कर. काकांनी मोठा केला.

"लव्हली," नोरीन म्हणाली. "जरा ओलसर पाहिजे होती. अजून पाज."